शिंप्याची अटक

बडोद्यात मी ज्या सरकारी मनोरुग्णालयात समाजसेविका होते, तिथे फाटकावर वर्षानुवर्षं एक म्हातारा पहारेकरी बसायचा. त्याला सगळे रुग्ण नावानिशी ठाऊक होते. नव्वदच्या दशकात सगळीकडे कंत्राटाचं वारं शिरलं, तसं आमच्याकडेही. म्हाताऱ्याला घरी पाठवून खासगी एजन्सीचे जवान नेमले. त्यांना शिट्ट्या मिळाल्या, रजिस्टर मिळालं आणि सगळ्यांना एकाच मापाचे निळे गणवेश.

फाटकावरच्या जवानाची पँट जमिनीवर लोळायची. शेवटी मीच ती आमच्या शिवणविभागात दिली. तिथे जवळच्याच डभोई गावचा एक शिंपी होता. चार वर्षांपूर्वी रुग्ण म्हणून आला, कधीच बरा झाला, पण न्यायला कुणी येत नव्हतं. त्याने पँट अशी बसवून दिली की जवान आठवडाभर ऐटीत फिरला.

एका सकाळी हा शिंपी इस्त्रीचा शर्ट घालून, हातात पिशवी घेऊन, इतर रुग्णांना भेटायला आलेल्या नातेवाइकांबरोबर फाटकातून बाहेर पडला. जवानाने त्याला सलामही केला. तपासायचं ते आत येणाऱ्यांना. बाहेर जाणाऱ्यांबद्दल हुकूम नव्हता.

दुपारी एक ताट उरलं आणि धावपळ सुरू झाली. फौजदार आले. त्यांनी सगळी भिंत फिरून पाहिली, वर काचा लावायला सांगितलं, कुत्रा पाळायला सांगितलं. तो नेमका कुठून चढला असेल, यावर बराच खल झाला. अखेर पेरूच्या झाडाजवळची एक जागा सर्वांना पसंत पडली.

चारच्या सुमारास मी फाटकाशी गेले, तर बाहेर शिंपी उभा.

"बेन, हा मला आत घेत नाही," तो म्हणाला.

"पास नथी," जवान म्हणाला.

"अरे, तुझी पँट यानेच केली. ओळखत नाहीस?"

"ओळखतो ना बेन. पण पास कुठाय?"

शिंपी डभोईला भावाकडे जाऊन आला होता. वहिनीने बाहेर ओट्यावरच चहा दिला, भाऊ बसमध्ये बसवून द्यायला स्टँडपर्यंत आला. "माझ्या खोलीत आता रंगीत टीव्ही ठेवलाय," त्याने सांगितलं.

मी त्याला आत घेणार, तेवढ्यात मागून आलेले फौजदार म्हणाले, "थांबा बेन. पळालेला माणूस आपणहून परत आला, असं कसं लिहू?"

त्यांनी समोरच्या हातगाडीवर चहा पीत असलेल्या दोन पोलिसांना हाक मारली. दोघांनी शिंप्याचे दंड धरले आणि त्याला फाटकातून आत आणलं. आता पास लागला नाही. "जरा हळू धरा, बाही उसवेल," शिंपी म्हणाला.

पंचनाम्यात लिहिलं गेलं की भिंत ओलांडून पळालेल्या इसमास कसून शोध घेऊन ताब्यात घेतलं. पंच म्हणून माझी सही मागितली. मी केली. नाही केली तर त्याला चौकीत बसवून ठेवतील, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर मला साडेपाचला घरी जायचं होतं.

तत्परतेबद्दल एजन्सीचं कंत्राट वाढवलं गेलं. शिंप्याला बंद वॉर्डात टाकलं. त्याच्या हाती कात्री देणं आता धोक्याचं ठरलं होतं.

मी भेटायला गेले, तेव्हा त्याने एकच गोष्ट विचारली.

"बेन, भावाला हे कळवलं नाही ना? त्याला वाटेल, मी खरोखरच वेडा आहे."