गार हात

अंड्याला हात लावण्याआधी त्या दोन्ही तळवे खसाखसा चोळायच्या. चांगले गरम होईपर्यंत. मग म्हणायच्या, "गार हात नगं. आतलं दचकतंय."

चाकणजवळच्या एका लहानशा औषध-संशोधन कंपनीत मी प्रयोगशाळा सांभाळायचो. त्या निघोज्याहून यायच्या, कंत्राटी मदतनीस म्हणून. अशा बायकांना कंपनीत सगळे मावशीच म्हणतात. तुम्हीही म्हणत असाल, आणि नाव विचारायचं तुमच्याकडूनही राहून जात असेल.

काम असं होतं. कोंबडीची फलित अंडी उबवणीच्या पेटीत ठेवायची, कवचाला छोटी खिडकी पाडायची आणि आत रक्तवाहिन्यांची जाळी कशी पसरते ते बघायचं. नवी वाहिनी फुटायची तर पेशीला तसा निरोप यावा लागतो. तो झेलणारं प्रथिन पेशीच्या अंगावरच असतं, रिसेप्टर म्हणतात त्याला. कॅन्सरची गाठही याच वाटेने स्वतःकडे रक्त ओढून घेते. म्हणून त्या रिसेप्टरला अडवणारं औषध आम्ही तपासत होतो.

हे मी सांगितलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "म्हंजी निरोप येऊ द्यायचा, पर घेणाऱ्यालाच बहिरा करायचा. व्हय ना?"

पुढे कित्येक नव्या मुलांना मी हेच वाक्य ऐकवलं. माझं म्हणून.

पेटीतल्या दमट हवेत चिकटवलेल्या चिठ्ठ्या गळून पडायच्या. त्यामुळे मावशी प्रत्येक कवचावर पेन्सिलीने खूण करायच्या. औषध द्यायचं त्यावर फुली, तुलनेसाठी नुसतं सलाईन द्यायचं त्यावर गोल. एकदाही चुकल्या नाहीत.

चुकलो मी. त्या दिवशी आकुर्डीला जाणारी कंपनीची बस गाठायची होती. घाईघाईत औषध घालायला लागलो.

"साहेब, ही गोलाची हायती."

"कळतं मला, मावशी. तुम्ही ट्रे नीट धरा."

त्यांनी ट्रे नीट धरला.

तिसऱ्या दिवशी गोलाच्या अंड्यांतली जाळी विरलेली होती आणि फुलीच्या अंड्यांत ती लालभडक तरारलेली. महिन्याचं काम पाण्यात. मोठ्या साहेबांनी बोलावलं. जाण्याआधी मी दोन्ही ट्रे जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत रिकामे केले आणि पिशवीला गाठ मारली. मावशी दारात उभ्या होत्या. मी वर बघितलं नाही.

साहेबांना म्हणालो, "मावशी या वेळी खुणा करायलाच विसरल्या."

त्यांना आत बोलावलं गेलं. "केल्या हुत्या, साहेब," एवढंच बोलल्या. माझं नाव घेतलं नाही. मी रजिस्टर चाळत राहिलो. सोमवारी ठेकेदाराने दुसरी बाई पाठवली. सगळ्या प्रयोगशाळेत मावशी 'त्या विसरभोळ्या बाई' होऊन गेल्या.

सहा वर्षं मी हे कुणाला बोललो नाही. बोलायलाही कष्टच पडतात हो. गेल्या उन्हाळ्यात निघोज्याला गेलो, 'अंड्यांच्या कंपनीतल्या मावशी' एवढंच विचारत घर गाठलं. त्या ओट्यावर लसूण सोलत होत्या. माझे शब्द संपेपर्यंत सोलत राहिल्या.

"मला त्याच दिशी ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "औषध गुणाचं निघालं का?"

"नाही. ते काम बंद पडलं."

"म्हंजी ती अंडीबी फुकट गेली." पाकळ्या वाटीत टाकल्या. "मोठ्या सायबांना सांगितलं का तुमी?"

"नाही अजून."

"मग हिकडं कशाला आला? मला तर म्हाईतच हाय. ज्याला न्हाई म्हाईत, त्याला सांगा." मग सुनेला हाक मारली, "चहा टाक गं, साहेब दमल्यात."

त्यानंतरही आठ महिने मी टाळलं. परवा कळलं, मावशी गेल्या. काल निवृत्त झालेल्या मोठ्या साहेबांना फोन लावला. घाई, ट्रे, पिवळी पिशवी, सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "असेल, असेल. पण कोण मावशी?"

नाव मला तेव्हाही सांगता आलं नाही.

"अंड्याला हात लावायच्या आधी, साहेब," मी सुरुवात केली, "त्या दोन्ही तळवे चोळायच्या..."