राणीसरकारची मान

सलूनवाल्या काकांचं आणि त्यांच्या बायकोच्या मांजरीचं कधी पटलं नाही. काकू गेल्यावर मांजर जिना उतरून सलूनमधल्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर येऊन बसली ती बसलीच. गिऱ्हाईक ताटकळत उभं राहिलं तरी हलायची नाही. लोक तिला राणीसरकार म्हणत. काका तिला वेळेवर खायला घालत, पण तिच्याशी बोलत नसत. तसे ते घरातही कुणाशी फारसं बोलत नव्हतेच.

एका सकाळी ती खुर्चीवर उडी मारायला गेली आणि कोसळली. मागचे पाय लटपटत होते, मान छातीला टेकली होती. काकांनी हनुवटीखाली बोट धरून डोकं वर केलं. बोट काढताच ते खाली गेलं.

"वय झालंय तिचं, बाबा," मुलगी फोनवर म्हणाली. "उगाच हाल नका करू."

काकांनी सलून बंद केलं, मांजरीला टॉवेलात गुंडाळलं आणि दवाखाना गाठला.

"बायको गेल्यापासून झुरतेय, असं वाटलं मला," ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले.

"झुरतही असेल. पण मान पडलीय ती पोटॅशियम फार कमी झाल्यामुळे. सोनोग्राफीत मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथीवर गाठ दिसतेय. तिथून एक हार्मोन नको इतकं तयार होतं आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. मग स्नायूंत जोरच उरत नाही."

"मग भरा की लवकर."

"घाई केली तर हृदय बंद पडेल. सलाईनमधून हळूहळूच द्यायला हवं."

काका पिंजऱ्याशी स्टूल ओढून बसले. गप्प बसवेना, म्हणून तिला काकूंच्या गोष्टी सांगू लागले. दुसऱ्या दिवशी तिनं मान उचलली, काकांकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. काकांना हसू आलं आणि डोळेही भरून आले.

म्हाताऱ्या जिवाला ऑपरेशन झेपलं नसतं. काकांनी औषधांवरच भागवायचं ठरवलं. पोटॅशियमची पावडर ती जेवणातून खाई. गोळी देताना मात्र काकांचे हात ओरबाडून निघत.

"काका, वस्तरा लागला का?" गिऱ्हाइकं विचारत.

"राणीसरकारांचा प्रसाद," काका म्हणत.

ती वर्षभर जगली आणि एका दुपारी झोपेतच गेली. मुलीनं सांत्वनाला फोन केला, तेव्हा काका आपणहून तिच्या आईबद्दल बोलू लागले. पलीकडे मुलगी रडत होती, पण मध्येच म्हणाली, "थांबू नका, बाबा. सांगा."