भरतीची वेळ

रेवदंड्याच्या जेट्टीवर एक कोळी जाळं सांधत बसायचा. मी शाळेत शिकवून परतताना तिथंच रिक्षाची वाट बघायचे. मला पाहिलं की रोज विचारायचा, "बाई, आज तिथ कंची?" मी सांगितली की मनात तिची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायचा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. कधी चुकला नाही. जाळं खाली ठेवल्यावरही त्याची बोटं मात्र हलतच राहायची, जणू दुसरंच कुणी ती हलवतंय.

"आज्याची अक्कल पन्नाशीत गेली, बापाची पंचेचाळिशीत," एकदा तो म्हणाला. "डागदर म्हनतो, रक्तातनं येतं. पिढीगनिक लवकर येतंय. मी चाळीसचा हाय. म्हनून तुमाला इचारतो. चुकलो तर सांगा."

परवा भर दुपारी बारा वाजता मी म्हटलं, "अष्टमी."

बराच वेळ त्याचे ओठ हलत राहिले. "बाराला. म्हंजे आत्ताच भरती."

समोर खाडी पार ओसरली होती. होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या.

"बरोबर," मी म्हणाले.

त्यानं चिखलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बापाला मी पन असंच बरोबर म्हनायचो," तो म्हणाला.