एकोणीस सेकंदांच्या आत

"मी आहे ना." मीटरबाईंचं हे वाक्य गल्लीतल्या निम्म्या लोकांनी तरी कधी ना कधी ऐकलेलं होतं. शेजारणीला दवाखान्यात जायचंय आणि घरी दूध उतू जाईल, मी आहे ना. कुणाचे कपडे गच्चीवर वाळतायत आणि आभाळ भरून आलंय, मी आहे ना. हे म्हणायला त्या कधी थांबायच्या नाहीत. चालता चालता, मागे न बघता बोलायच्या, आणि समोरच्याचा जीव भांड्यात पडायचा.

चालणं हाच त्यांचा धंदा होता. सव्वीस वर्षं त्यांनी घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचले. खांद्याला पिशवी, बगलेत नोंदवही, दिवसाला सव्वाशे घरं. कुठल्या घरचा कुत्रा नुसता भुंकतो आणि कुठल्या घरचा न भुंकता चावतो, कुणाचा मीटर जिन्याखाली अंधारात आहे आणि कुणी त्याच्यापुढे चपलांचं कपाट लावलंय, सगळं तोंडपाठ. पायाला भिंगरी बांधूनच आलीय, असं त्यांचे यजमान म्हणायचे. कुणाकडे पाहुणी म्हणून गेली तरी ही आधी मीटर बघते आणि मग माणसं.

यजमान फरशीचं काम करायचे. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. त्यांनी बसवलेल्या फरशीवर पाण्याचा थेंब सोडला तर तो बरोबर मोरीच्या जाळीकडेच जायचा. पण दगड कापताना उडणारी पूड चाळीस वर्षं छातीत बसत गेली, आणि एका सकाळी डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून सांगितलं की आता बाहेरून हवा पुरवावी लागेल. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. गुडघ्याएवढं, चाकांवर उभं, दिवसरात्र घूं घूं करणारं. त्यातून निघालेली नळी मिस्त्रींच्या नाकाशी. नळी सात मीटर. न्हाणीघरापर्यंत पुरायची, खिडकीपर्यंत पुरायची, दारापर्यंत मात्र नाही. दाराच्या दोन फरश्या अलीकडे ती ताणायची. फरश्या त्यांनीच बसवलेल्या, त्यामुळे दीड नाही आणि अडीच नाही, दोनच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मशीन विजेवर चालायचं आणि वीज तिच्या मर्जीवर. कधी दिवसातून चारदा जाई, कधी आठवडाभर गुण्यागोविंदाने नांदे आणि मग अर्धा दिवस तोंड दाखवत नसे. एक साधा इन्व्हर्टर आणून पाहिला, तर मशीनचा भार आला की तो कण्हायला लागायचा, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात त्याने मान टाकली. उरला पलंगाशेजारचा ऑक्सिजनचा सिलिंडर. त्याची चावी फिरवायला जोर लागतो, आणि मिस्त्रींची बोटं कामाने अशी आखडली होती की घट्ट चावी त्यांना हलत नसे. म्हणून वीज गेली, मशीनने लांब शिटी दिली, की मीटरबाई असतील तिथून निघायच्या. चावी फिरवायची, काटा बघायचा, नळी मशीनवरून काढून सिलिंडरला लावायची. मिस्त्री तेवढा वेळ समोरच्या घड्याळावर डोळे लावून बसायचे. एकोणीस सेकंद. त्याच्यावर कधी गेलं नाही. भेटायला येणाऱ्याला ते हे अभिमानाने सांगत, जसं कुणी आपल्या पोराचे मार्क सांगावेत.

नळी लागली की बाई म्हणायच्या, "मी आहे ना."

असं चार वर्षं चाललं. एकोणीस सेकंदांत परत येता येईल एवढंच बाईंचं जग उरलं. गच्चीवर जाता यायचं, जिन्याचं दार उघडं ठेवून. फाटकापर्यंत जाता यायचं. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत नाही. दुकानदार सामान घरी आणून द्यायचा आणि बाई फाटकात उभ्या राहून, रस्त्याकडे जरा जास्तच वेळ बघत, ते आत घ्यायच्या. दोनदा शेजारणीला बसवून पाहिलं. पहिल्यांदा तिने चावी उलटी फिरवली. दुसऱ्यांदा वीज गेलीच नव्हती, तरी मिस्त्रींनीच घाबरून बाईंना फोन लावला आणि त्या रस्त्याच्या वळणावरून परत आल्या. नंतर तो विषय निघाला नाही.

मग बाईंची थोरली बहीण, अक्का, ओट्याशी घसरून पडली आणि खुबा मोडून अंथरुणाला खिळली. तिचं घर बसने पाऊण तासावर. रोज दुपारी दोघींचा फोन व्हायचा. एकदा ये ग, असं अक्का पहिल्या आठवड्यात म्हणाली, आणि नंतर पुन्हा म्हणाली नाही. ते तिचं न म्हणणं रोजच्या फोनमधून ऐकू यायचं. पलंगावर पडलेल्या मिस्त्रींनासुद्धा.

त्याच महिन्यात सोलरवाला घरी आला. बाईंनीच बोलावला होता. माणूस चांगला ऐसपैस होता, आणि गच्चीचा जिना चढून उतरला तेव्हा खुर्चीत बसून असा धापा टाकू लागला की मिस्त्री म्हणाले, "घटकाभर नळी देऊ का?" तो हसला. मग म्हणाला की गच्चीवर त्याला करायला कामच उरलं नाही. पाण्याच्या टाकीची सावली कुठल्या तासाला कुठवर येते, याच्या खडूच्या रेघा ताईंनी महिनाभर मारून ठेवल्यात, शेजारी तारीख आणि वेळ.

मिस्त्रींना हे नवीनच होतं. महिनाभर रोज पाच-सहा वेळा ही वर जात होती, आणि आपल्याला वाटत होतं कपडे वाळत घालतेय.

सोलरवाल्याने समजावून सांगितलं. दिवसा पॅनेल मशीन चालवतील आणि बॅटरीही भरतील. वीज गेली तर बॅटरी इतक्या झटक्यात भार घेईल की मशीनला कळणारही नाही. बाकीचं घर बंद ठेवलं तर भरलेल्या बॅटरीवर मशीन रात्रभर ओढेल. पैशाचं घोडं अडलेलं नव्हतं. बाईंनी निवृत्तीची रक्कम त्यासाठीच अलगद बाजूला ठेवली होती. घोडं अडलं होतं मिस्त्रींपाशी.

त्यांनी पहिलं खुसपट स्लॅबचं काढलं. भोकं पाडली की गळती आलीच, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. सोलरवाला म्हणाला, एकही भोक नाही, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभं करतो. मग वाऱ्याचं काढलं, मग टाकीच्या सावलीचं, मग बॅटरी तापून पेटते म्हणे त्याचं. वारा ठोकळ्यांच्या वजनात मोजलेला होता, सावलीसाठी टाकी हलणार होती, बॅटरी बाहेरच्या पडवीत भिंतीवर लागणार होती. शेवटी मिस्त्री म्हणाले की पुढच्या वर्षी याहून चांगल्या बॅटऱ्या निघतील, बघू, घाई काय आहे. सोलरवाला दुसऱ्यांदा आला तेव्हाही नन्नाचा पाढा तिथूनच पुढे सुरू झाला. बाई मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरात भाजी निवडत बसल्या होत्या.

सोलरवाल्याने निघता निघता आपला कागद काढला. घरातलं काय काय बॅटरीवर घ्यायचं, ते त्याला लिहायचं होतं.

"वीज गेल्यावर मशीन किती वेळ बंद राहिलेलं चालतं?" त्याने विचारलं.

"एकोणीस सेकंद," मिस्त्री म्हणाले. ताठ बसून म्हणाले.

"आणि ताई घरी नसतील तेव्हा?"

"ती घरीच असते."

आतून आवाज आला. "चार वर्षं आणि दोन महिने." नोंदवहीत आकडा लिहावा तसा आवाज, रागाचा नाही, रडवेला नाही.

सोलरवाल्याने पेन खिशात ठेवलं आणि पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला.

तो आला तेव्हा ऊन कडक होतं. टाकी नेमकी कुठे सरकवायची ते दाखवायला बाई त्याच्याबरोबर गच्चीवर गेल्या, आणि वीज गेली. शिटी वाजली. मिस्त्रींनी घड्याळाकडे पाहिलं. जिन्यावर पावलं ऐकू आली, भरभर, ओळखीची, आणि मधेच धप्प असा आवाज झाला. मग पुन्हा पावलं, पण एक जड आणि एक हलकं. बाई आत आल्या, चावी फिरवली, काटा पाहिला, नळी लावली.

"बावीस," मिस्त्री म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. मग त्यांनी नजर घड्याळावरून खाली आणली. बाईंचा गुडघा फुटला होता. जिन्यापासून पलंगापर्यंत फरशीवर लाल थेंब पडत आले होते. बाई सिलिंडरला पाठ टेकून खाली बसल्या. त्या दिवशी त्या "मी आहे ना" म्हणाल्या नाहीत. नुसत्या श्वास घेत राहिल्या, मिस्त्रींपेक्षा मोठमोठ्याने.

मिस्त्री त्या थेंबांकडे बघत राहिले. बॅटरीत त्यांना खोट कधी सापडलीच नव्हती. ती आली की हिला घरात थांबायचं कारण उरणार नाही, एवढीच भीती होती. आणि कारण नसताना कुणी आपल्यासारख्या माणसापाशी थांबेल, हे काही त्यांना पटत नव्हतं. ही भीती स्लॅबच्या, वाऱ्याच्या, सावलीच्या नावाने ते इतके दिवस बोलत होते. सोलरवाला धापा टाकत दारात येऊन उभा राहिला.

"कागद आणा," मिस्त्री त्याला म्हणाले. "आणि आधी कापूस आणा, त्या फडताळात आहे."

सही करायला त्यांना बराच वेळ लागला. बोटं वळत नव्हती.

तीन आठवड्यांनी गच्चीवर पॅनेल उभी राहिली आणि पडवीच्या भिंतीला कपाटाएवढी पांढरी बॅटरी लागली. सोलरवाला म्हणाला, आता आपणच मेन स्विच पाडून बघू. ताईंनी जागेवरून उठायचं नाही. बाई खुर्चीवर बसल्या, हात मांडीखाली घालून. बाहेर खट्ट झालं. दिवा एकदा लवला. आणि बाई सिलिंडरच्या चावीला हात घालून उभ्या होत्या. कधी उठल्या ते त्यांनाही कळलं नाही. मशीन घूं घूं करत होतं. शिटी वाजली नव्हती.

"ताई, बसा," सोलरवाला हळूच म्हणाला.

आता बाई अक्काकडे जातील असं सगळ्यांना वाटलं. पण त्या गेल्या नाहीत. आज आभाळ आहे, आज बॅटरी पुरती भरलेली नाही, आज गुडघा ठणकतोय. पडवीत जाऊन बॅटरीवरचा आकडा बघायच्या, तारीख घालून लिहून ठेवायच्या आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसायच्या. दार उघडं होतं आणि बाई आत होत्या. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी त्या म्हणाल्या, बघू, घाई काय आहे, आणि मिस्त्री पलंगावर उठून बसले.

"अगं, ते वाक्य माझं आहे. चोरू नकोस."

बाई हसल्या नाहीत.

"स्लॅबचं वगैरे काही नव्हतं," मिस्त्री म्हणाले. बोलताना मध्ये मध्ये त्यांना दम घ्यावा लागत होता. "तू जाशील म्हणून मी अडवून धरलं होतं."

"माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून तुमची धाप वाढवू?" बाईंनी चादरीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "एक सांगा मला. सव्वीस वर्षं रोज सव्वाशे घरं फिरायचे. संध्याकाळी कुठे यायचे मी?"

मिस्त्रींनी नाकाशी नळी सरळ केली आणि विचारलं की अक्काकडे जाणारी सकाळची बस अजून नऊलाच असते का.

दुसऱ्या दिवशी बाईंनी माळ्यावरून चालण्याचे जुने बूट काढले. तळ कडक झाले होते. ते घालून घरात दोन फेऱ्या मारल्या, मशीनवर हात ठेवून पाहिलं, सिलिंडरची चावी उगीच अर्धी फिरवून पुन्हा बंद केली. शेजारीण दुपारी डोकावणार होती, संध्याकाळच्या बसने बाई परत. हे सगळं त्यांनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं तेव्हा मिस्त्री म्हणाले, "जा आता. आहे ना ती, पडवीत."

मिस्त्री दाराच्या दोन फरश्या अलीकडे थांबले. मग नळी सावरत, चाकांवरचं मशीन ओढत खिडकीपाशी गेले. तिथून वळणापर्यंतचा रस्ता दिसायचा.

बाई फाटकाबाहेर पडल्या. पहिली काही पावलं चोरासारखी पडत होती. शेजारच्या भिंतीवरचा मीटर आला तशी मान आपोआप तिकडे वळली, आकडा वाचून झाला, आणि मग चाल जरा सुटी झाली. त्या कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पुढे गेल्या. वळणावर सुताराचा कारखाना होता. त्याचं करवतीचं मशीन सकाळपासून ओरडत होतं. बाई तिथवर पोचल्या आणि ते ओरडता ओरडता घोगरं झालं आणि थांबलं. वीज गेली होती.

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. एक पाय उलटा फिरला. एवढ्या लांबून एकोणीस सेकंद पुरणार नाहीत, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

मिस्त्रींनी डावा हात मागे मशीनवर ठेवला. ते थरथरत होतं, चालू होतं. उजवा हात त्यांनी खिडकीच्या गजांतून जेवढा जाईल तेवढा बाहेर काढला आणि आखडलेल्या बोटांनी, माशी हाकलावी तसं, जा म्हणून खूण केली. सुतार हातातली फळी तशीच धरून कारखान्याच्या दारात आला होता. त्याने आधी खिडकीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

बाईंनी खांद्यावरची पिशवी वर ओढली. मग वळण घेऊन त्या निघून गेल्या, पुढे पुढे पूर्वीसारख्या भरभर, मागे न बघता. त्या दिसेनाशा होईपर्यंत दोघं बघत होते, सुतार दारातून आणि मिस्त्री गजांमधून. सुतार आत गेल्यावरही मिस्त्रींचा हात बाहेरच होता.