गाळ्यावरचा माल

आमचे हे म्हंजे जोतीराम. सांगोल्याकडनं आलेलं माणूस, सारी उमर सोलापूरच्या मार्केट यार्डात कांदा तोलण्यात गेली. कल्लप्पाअण्णा आडत्याच्या गाळ्यावर. शेतकऱ्याचा माल यायचा, अण्णा लिलाव करून इकून द्यायचे, आपली आडत कापून घ्यायचे. अण्णांचा एक नेम हुता. आपल्या गाळ्यावर आलेला माल आपण घ्यायचा न्हाय, किती का स्वस्त जाईना. इकून देणारानंच घेतला तर त्याला भाव पडलेलाच बरा वाटंल की, म्हणायचे. ह्यांना ते पाठ. जेवताना बी तेच ऐकवायचे. मी म्हणायची, कांद्याचं पुराण पुरं करा, आमटी निवली.

अण्णा गेले. त्यांचा ल्योक श्रीशैल, त्यानं गाळा इकला आन् शुक्रवार पेठेत भांड्याच्या दुकानावर शेअरचं हापिस काढलं. कमिशनवर लोकांचे शेअर घेऊन द्यायचे, इकून द्यायचे. आन् हितंच आमचं माणूस फसलं बगा. ह्यांना वाटलं, ही आडतच की. अण्णांचा पोरगा, अण्णांचाच धंदा, फकस्त कांद्याच्या जागी शेअर. जल्मभर आडत बघितलेल्या माणसालाच असं वाटणार, दुसऱ्या कुणाला न्हाय.

श्रीशैलनं दीड रुपयाचा एक शेअर दावला. उन्हावर वीज काढायची कसलीशी कंपनी. मोबाईलवर सगळं त्यानंच लावून दिलं. ओटीपी आला की हे त्याला फोनवर वाचून सांगायचे, लई ऐटीत.

पैसं कुटनं आणलं ते मला परवा कळलं. आमच्या लेकीचा, वैष्णवीचा फोन आला. "आई, गुरुवारी येतीय. माझं दागिनं काढून ठेव." मी ह्यांना सांगितलं, तर हातातला घास ताटात पडला.

वैष्णवीचा नवरा पितो, मारतो. घरातलं एकेक भांडं इकून झालं तवा तिनं आपलं सोनं आणून बापाकडं ठेवलं. तवाच बोलली हुती, ज्या दिवशी दागिनं न्यायला येईन त्या दिवशी समजा मी त्याला सोडलं. खोली घेईन, शिलाई मशीन घेईन, पण परत जायची न्हाय.

"मोडलं?" मी इचारलं. ह्यांनी मान खाली घातली. मी काय काय बोलले ते सांगत न्हाय, शेजारच्यांनी ऐकलंय तेवढं बास. पण राग लई येळ टिकला न्हाय. भ्या वाटाय लागलं. पोर आली आन् डबा रिकामा बघितला तर कुटं जाईल? त्याच्याकडंच की.

गुरुवारी सकाळीच ह्यांच्या संगं श्रीशैलच्या हापिसात गेले. जिन्यात हे दोनदा थांबले. भिंतीला हात लावून उभे. तो शेअर आधी लई चढला हुता म्हणं, आन् आता रोज पडत हुता. सर्किट लागतंय म्हणतात त्याला. सकाळी भाव पडतो, तितंच अडकतो, घेणारा कुणी न्हाय, इकणाऱ्यांची ही रांग. कुणी घेणारा आलाच तर रांगेत जो म्होरं त्याचं जातं.

"पोरा, आजच इकून टाक," हे म्हणाले. "वैष्णवीचं हाय ते."

"काका, घाबरून इकतो तोच बुडतो. दम धरा. उलट थोडं अजून घ्या, स्वस्तात मिळतंय." त्यानं चहा मागवला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. खुर्ची जरा वळवून तो कन्नडात बोलाय लागला. ह्यांचं कन्नड 'बा, होगु' म्हंजे ये, जा, त्याच्या म्होरं कवा गेलंच न्हाय, ते त्याला ठावं. पण माझं माहेर मैंदर्गी. मी भांडायला शिकले तीच कन्नडात.

"नम्मदु मोदलु मारु," तो म्हणाला. "इवरदु इरली."

आमचं आधी इक. ह्यांचं राहू दे.

मी हातातली बशी टेबलावर ठेवली. हे आपले चहावर फुंकर घालत बसलेले, जरा धीर आल्यासारखे. ते बघून मला जास्तीच भ्या वाटलं.

"नम्मदु यावाग मारती, तम्मा?" मी इचारलं. आमचं कवा इकतोस, बाळा?

श्रीशैलचा फोन कानालाच राहिला. मी ह्यांना मराठीत सगळं सांगितलं, एकेक शब्द. ह्यांनी कप खाली ठेवला.

"हा शेअर तुझा बी हुता?"

"हुता की, काका. माझा इश्वास हुता म्हणूनच..."

"म्या घेतला तवा इकत कोण हुतं? तूच?"

"बाजारात कुणाचं कुणाकडं जातं ते कळत न्हाय, काका." पण बोलताना टेबलाकडं बघत हुता. मग त्यानं गपचूप आमची बी इक्री लावली. लावून काय, त्याचं म्होरं, आमचं मागं. दुपारपर्यंत बसलो, एक शेअर हलला न्हाय.

घरी आलो तर वैष्णवी पायरीवर बसलेली. उन्हात बी पदर गालावर ओढून. शेजारी पिशवी. मी कुलूप काढलं.

हे उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "पोरी, तुझा माल माझ्या गाळ्यावर हुता," म्हणाले. "म्या त्याला हात लावला. सोनं न्हाय आता."

ती रडली न्हाय. बापाकडं बघत राहिली. मग पदर सारखा केला, पिशवी उचलली आन् आलेल्या वाटेनं निघाली.

मी पळाले. चप्पल तितंच राहिली. बोळाच्या तोंडाला गाठलं आन् पिशवीचा बंद धरला. ती वडाय लागली, मी सोडंना. "आई, सोड," म्हणाली, "न्हाय तर मी राहू कुटं?"

"हितं. माझ्यापाशी."

"आन् खाऊ काय?"

मी पिशवी हिसकून घेतली आन् तिला दंडाला धरून घरी आणलं. आता ती आत पडलीय, डोळं उघडं ठेवून. हे पायरीवरच बसलेत. पिशवी माझ्या मांडीवर हाय आन् बंद मी आजून सोडला न्हाय.