मिठूचं आभाळ

भर मे महिन्यात आलेल्या माझ्या मेहुण्यांनी पंख्याच्या बटणाकडे हात नेला आणि आम्ही नवराबायको एकदमच ओरडलो, "नको!" आमचा मिठू बंद पंख्याच्या पात्यावर ऐटीत बसला होता.

"एका पोपटासाठी एवढा उकाडा सोसता?"

बायकोने भावाच्या हातात वारा घ्यायला पुठ्ठा दिला. तेवढ्यात मिठू तिच्या खांद्यावर उतरला आणि मिरचीचा देठ कचकन तोडणाऱ्या चोचीने त्याने तिच्या ओठांतला डाळिंबाचा दाणा अलगद उचलला. माझी छाती फुगली. पाखरू घरात आणायचं, तर छताखालचं आभाळही त्याच्या नावावर करावं लागतं.

दिवेलागणीला मिठू आपणहून पिंजऱ्यात गेला. बायकोने कडी लावली.

"दादा, आता लाव पंखा."

मेहुणे उठले. बटण दाबण्याआधी त्यांनी पिंजऱ्याची कडी हलवून पाहिली.