येडुस्तदी म्हणजे रडते

आमच्या शाळेची घंटा वेळेवर वाजायची नाही, आणि ते चुकून होत नसे. घंटा म्हणजे व्हरांड्यात तारेनं टांगलेला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा. तो वाजवणारी अक्का लोखंडी गज घेऊन वेळेवर उभी असायची; पण समोर एखादं पोर रडत असलं, की गज खाली ठेवून त्याच्यापुढे उकिडवी बसायची. सगळी शाळा रांगेत ताटकळायची. हेडमास्तर मनगटावरचं घड्याळ दाखवत ओरडायचे, "अक्का, अकरा वाजून सात मिनिटं झाली!" अक्का मानही न वळवता म्हणायची, "वाजू द्या की. घड्याळ रडतंय व्हय?"

हे सोलापूरच्या पूर्व भागातलं, तेलुगू विणकरांच्या वस्तीतलं सांगतो आहे, सत्तरच्या दशकातलं. घराघरांत माग चालायचे, उंबऱ्याउंबऱ्यावर बायका मांडीत सूप घेऊन विड्या वळायच्या. मी त्या शाळेत कारकून होतो. गेल्या वर्षी शाळेची स्मरणिका निघाली. तीत एका ओळीत छापलं आहे, की ‘शिपाई अक्का यांनी प्रकृतीच्या कारणास्तव नोकरी सोडली.’ अक्काची प्रकृती ठणठणीत होती. तिला काढून टाकलं. स्मरणिकेच्या संपादकांना मी फोन केला, तर म्हणाले, "जाऊ द्या ना काका, जुन्या गोष्टी." मी ऐंशी ओलांडली आहे. आता काहीही जाऊ देणार नाही.

अक्का मंगळवेढ्याकडची. नवऱ्यामागं सोलापुरात आली, नवरा लवकर गेला, मग काही वर्षं एका विणकराच्या घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या. तिथं तेलुगू शिकली. वाचायला शिकली ती शाळेत, पहिलीच्या वर्गाच्या दारात झाडू घेऊन उभी राहून. एकेका अक्षरावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायची. मास्तर हसले की म्हणायची, "हसा. तुमी बी असंच शिकला आसाल की कवातरी."

तिच्या खोलीत सुताच्या गुंत्याचं एक पोतं असायचं, मागवाल्यांनी टाकून दिलेलं. मुकं झालेलं, मारकुटं झालेलं, वर्गात शून्यात नजर लावून बसणारं पोर दिसलं, की मधल्या सुट्टीत त्याला ती पायरीवर बसवायची आणि मूठभर गुंता हातात द्यायची. "येवढं सोडवून दे की मला." स्वतः शेजारी बसून दुसरा गुंता सोडवायची. विचारायची काहीच नाही. मी एकदा म्हटलं, "अक्का, त्या सुताचं करणार काय तुम्ही?" ती म्हणाली, "चुलीत घालनार. सुतासाठी कोन सोडवतंय? हात गुतला की जीभ सुटती, भाऊसाहेब." कारकुनाला भाऊसाहेब म्हणायची तेव्हा पद्धत होती.

सिव्हिलमध्ये एक तरुण डॉक्टर मनाच्या आजारांचे पेशंट बघायचे. अक्कानं त्यांना गाठलं कसं, ते मला माहीत नाही. पण बहात्तरच्या दुष्काळाच्या वर्षात शनिवारची सकाळची शाळा सुटली, की ते सायकलवरून आमच्या व्हरांड्यात यायला लागले. पहिल्या शनिवारी कुणी आलं नाही. वेड्यांच्या डॉक्टरकडे कोण येणार? अक्का गल्लीगल्लीत फिरून सांगून आली, "झोपेचा डाक्टर आलाय. झोप लागती का, येवढंच इचारनार हाय त्यो." झोप लागत नाही हे सांगायला कुणालाच लाज वाटत नव्हती. दुसऱ्या शनिवारी बायका आल्या, सूप आणि तंबाखूसकट, कारण हात थांबवणं परवडणारं नव्हतं. विड्या वळता वळता त्या झोपेबद्दल सांगायच्या, आणि झोपेच्या मागोमाग नवऱ्याची दारू, सासूचा जाच, दचकून ओरडणारी पोरं सगळं बाहेर पडायचं. डॉक्टर ऐकायचे, अक्का तेलुगूचं मराठी करायची. हेडमास्तरांनी हरकत घेतली, तर म्हणाली, "शाळा सुटल्यावर हितं कुत्री बसत्यात. मानसं बसली तर काय बिघडलं?"

पद्मा सातवीत होती. गणितात पहिली. त्या उन्हाळ्यात तिचा धाकटा भाऊ तापानं गेला, आणि जून महिन्यात पद्मा वर्गात आली ती रडतच. आवाज नाही, हुंदका नाही. नुसतं डोळ्यांतून पाणी, पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत. बोलणं बंद. पालक कुरकुरायला लागले, की बाधा झालेली पोरगी आमच्या पोरींजवळ बसवू नका. हेडमास्तरांनी तिच्या आजीला बोलावून सांगितलं, पोरीला घरी न्या. आणि मला सांगितलं, दाखला देऊन टाका.

दाखल्यावर एक रकाना असतो, ‘शाळा सोडण्याचे कारण’, आणि त्याच्या शेजारी ‘शेरा’. आजीला मराठी येत नव्हतं. मला, त्या भागात चार वर्षं काढूनही, तेलुगू येत नव्हतं. शिकावंसं वाटलं नव्हतं. मी विचारलं, "अव्वा, कारण काय लिहू?" ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "पिल्ला येडुस्तदी." मला ऐकू आलं ‘येडं’. मनात आलं, बरं झालं, बाईनं स्वतःच सांगितलं. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘वेड लागल्यामुळे’. शेरा लिहिला, ‘इतर मुलांत बसवण्यास अयोग्य’. शिक्का मारला. घाईत जनरल रजिस्टरमध्ये त्याची नोंद करायची राहिली. तो रकाना कोराच राहिला. ही गोष्ट लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी अक्का तो दाखला घेऊन कार्यालयात आली. बोट ठेवून वाचला. "वे-ड." मग माझ्याकडं बघितलं. "ह्ये कुनी सांगितलं?"

"तिच्या आजीनंच. येडी झाली म्हणाली."

"काय म्हनली? तिचा शबुद सांगा."

"येडुस्तदी."

अक्का टेबलावर दोन्ही हात टेकून वाकली. "येडुस्तदी म्हंजी रडती, भाऊसाहेब. रडती! येडी न्हवं. भाऊ मेलाय तिचा. रडनार न्हाय तर काय लेझीम खेळनार?"

माझे कान तापले. पण मी कारकून होतो, अजून कायम व्हायचा होतो, आणि एका शिपाईबाईनं माझी चूक काढली होती. मी म्हणालो, "दाखला दिला की दिला. त्यात खाडाखोड चालत नाही." हे वाक्य मी नंतर आयुष्यभर ऐकत आलो आहे, माझ्याच आवाजात.

पद्मा रोज मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर यायची. अक्का गुंता घेऊन बाहेर जाऊन बसायची. शाळेत बसवता येत नव्हती म्हणून. शनिवारी डॉक्टर तिच्याशी बोलायचे, ती ऐकायची. दिवाळीच्या आधी एके दिवशी गुंता सोडवता सोडवता ती म्हणाली, की भावानं पाणी मागितलं होतं, मी टँकरच्या रांगेत होते, घागर भरून आणेपर्यंत तो गेला. अक्कानं तिला जवळ घेतलं नाही की समजूत घातली नाही. एवढंच विचारलं, "रांगेत तू कितव्या नंबरला व्हतीस?" पद्मा म्हणाली, "चाळीसच्या पुढं." "मग पुढच्या चाळीस जनींनी मारलं व्हय त्येला?" पद्मानं पहिल्यांदा मान हलवली. नाही. "मग तू तरी कशी मारशील?" हे मला डॉक्टरांनी सांगितलं. ते म्हणाले, "पाच वर्षं शिकूनही मला हा प्रश्न सुचला नसता."

पोरगी बोलायला लागली, पण दाखला तोच होता. दुसऱ्या शाळेनं तो वाचला आणि पोरीला दारातूनच परत पाठवलं. त्याच आठवड्यात आमच्या शाळेच्या समितीची सभा होती. मी सभेच्या नोंदीची वही घेऊन कोपऱ्यात बसलो होतो. अक्का पाण्याचा तांब्या आणि पेले घेऊन आत आली. पेले ठेवले. मग कमरेला खोचलेला पद्माचा दाखला काढून अध्यक्षांपुढं उलगडला आणि त्यावर तांब्या ओतला. निळी शाई टेबलावरून ओघळत अध्यक्षांच्या धोतरावर गेली.

"आता नवा लिवा," अक्का म्हणाली. "रडती म्हनून लिवा. खरं हाय ते लिवा."

गोंधळ झाला. अध्यक्ष धोतर झटकत उभे राहिले, पण माणूस अगदीच वाईट नव्हता. त्यांनी मला विचारलं, "रजिस्टरला काय नोंद आहे? तिथं वेगळं असेल तर नवा दाखला देता येईल."

रजिस्टरला काहीच नव्हतं. ‘रकाना कोरा आहे, चूक माझी आहे’, इतकंच म्हणायचं होतं. पद्माला नवा दाखला मिळाला असता. अक्काची फार तर खरडपट्टी निघाली असती. मला काय झालं असतं? बहुधा काही नाही. मी म्हणालो, "तेच आहे साहेब. आजीनं सांगितलं तेच."

सभासद चहाला उठले तेवढ्यात मी कार्यालयात जाऊन ती नोंद केली. खोटं बोललो होतो, ते खरं करून टाकलं. मान वर केली तर दारात अक्का उभी, हातात रिकामे पेले. मला कोरा रकाना भरताना तिनं पाहिलं होतं. म्हणाली, "शाई वाळू द्या भाऊसाहेब. न्हायतर दुसऱ्या पानावर उमटंल."

शाळेची कागदपत्रं नष्ट केली म्हणून अक्काला काढलं. जाताना तिनं रुळाच्या तुकड्यावर गजानं एकच टोला हाणला, भर दुपारी, कुठल्याही तासाला नाही. पोरं वर्गाबाहेर आली. "जावा आत," ती म्हणाली, "म्या माझीच सुट्टी वाजवली."

पुढच्या शनिवारी झोपेचे डॉक्टर तिच्या अंगणात बसले. मागाची मोडकी लोखंडी पट्टी तिनं लिंबाला टांगली होती, तीच घंटा. बायका सुपं घेऊन तिकडं गेल्या. आमच्या व्हरांड्यात पुन्हा कुत्री बसायला लागली. आणि अक्का पद्माला घेऊन एका मुलींच्या शाळेच्या पायरीवर जाऊन बसली. दाखला नाही, कागद नाही. "गनित घाला तिला. आलं तर घ्या, न्हाय आलं तर आमी उठतो." तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका कंटाळून गणितं घालायला बाहेर आल्या. पद्मा त्याच शाळेतून मॅट्रिक झाली.

आणीबाणी उठली त्या सुमाराला माझी धाकटी मुलगी दहावीत होती. एक दिवस तिनं भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. जेवण नाही, वही नाही. ‘मी नापास होणार’, एवढंच बोलायची. शेजाऱ्यांना आम्ही सांगितलं, कावीळ झाली आहे. बायको म्हणाली, "अक्कांकडे नेऊ."

"कोणत्या तोंडानं जाऊ मी?"

"तुमच्या तोंडाचं काय घेऊन बसलात? पोरीच्या तोंडात तीन दिवस घास नाही."

अंगणात पद्मा वही घेऊन बसली होती. तेव्हा ती कॉलेजात होती, शनिवारी अक्काकडे नावं लिहून घ्यायची. वहीवर आखलेले रकाने होते. नाव, वय, झोप. शेवटचा रकाना शेऱ्याचा, वरपासून खालपर्यंत कोरा. अक्कानं माझ्या मुलीच्या हातात आधी गुंता दिला, मग माझ्याकडं वळली. "नाव लिवून घेतलं. शेरा काय लिवू, भाऊसाहेब?"

आवाजात राग नव्हता. असता तर मी उत्तर दिलं असतं. तिथंच, सुपं घेऊन बसलेल्या पंधरावीस बायकांसमोर, मला रडू फुटलं. पद्मानं घाबरून विचारलं, "काय झालं यांना?"

"येडुस्तडु," अक्का म्हणाली. मग माझ्यासाठी, सावकाश, "म्हंजी रडतोय."

माझी मुलगी पुढच्या वर्षी पास झाली. तिला हे सगळं आज पहिल्यांदा कळेल. अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी तिची माफी कधी मागितली नाही, आणि ती गेल्यावर मागून मोकळं होण्याचा मला अधिकार नाही.

गेल्या महिन्यात मी काठी टेकत शाळेत गेलो आणि जुनं रजिस्टर मागितलं. नोंद माझ्या अक्षरात तशीच आहे, आणि समोरच्या पानावर तिची फिकट निळी उमटलेली सावली. मी कारकुनाला म्हणालो, हे मला दुरुस्त करायचं आहे. चांगला मुलगा आहे. म्हणाला, "आजोबा, रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही."

ठीक आहे. मग इथं लिहितो, आणि हे कुणाला खोडायचं असेल त्यानं माझ्या घरी यावं.

पद्मा, इयत्ता सातवी. शाळा सोडण्याचे कारण: शाळेने काढले. मुलगी रडत होती. भाऊ गेला होता. शेरा: काही नाही.

अक्का, शिपाई. नोकरी सोडण्याचे कारण: सोडली नाही. खरे लिहा म्हणाली म्हणून काढले. शेरा: रजिस्टरातली पद्माची नोंद खोटी आहे. अक्षर माझे आहे.